कर वाचवणाऱ्या बाई

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बिस्किटाच्या पुड्याची पाठ वाचत होत्या. महाडच्या एसटी स्टँडवर, पोलादपूरच्या गाडीला अजून वीस मिनिटं अवकाश होता. मी घाटावरून नव्या नेमणुकीवर आलेलो, खिशात शाळेवर हजर होण्याचा आदेश. समोर पांढऱ्या साडीतली एक ठेंगणी बाई चष्मा कपाळावर सरकवून पुडा अगदी डोळ्यांजवळ धरून उभी. मला वाटलं, तारीख बघत असतील. वाचून झाल्यावर त्यांनी टपरीवाल्याला विचारलं, याचे आठवड्याला किती पुडे जातात? त्याने सांगितलं. मग शेजारच्या बरणीतल्या दुसऱ्या कंपनीचे विचारले. तेही त्याने निमूटपणे सांगितलं. त्याला या चौकशीची सवय असावी. बाईंनी पुडा न फोडताच पिशवीत टाकला आणि गाडीत जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसल्या.

पोलादपूरला मी गाडी बदलली, तर त्यांनीही बदलली. उमरठच्या पुढे मी उतरलो, तर त्याही उतरल्या. मग माझ्यापुढे वीस पावलं चालत त्या शाळेत शिरल्या आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "या. आदेश द्या."

बाईंच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली आणि त्यानंतर त्यांच्या घरात आणखी सहा. आता माझी बदली घाटावर झाली आहे. इथे कोणी किराणामालाच्या दुकानात पाकिटाची पाठ वाचताना दिसलं की मी उगाचच थांबतो.

पाकिटामागे काय असतं, ते मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं. बाई शेअर घेत असत. त्याही अशा कंपन्यांचे, ज्या दरवर्षी नफ्यातला वाटा, म्हणजे लाभांश, न चुकता देतात. साबणाची कंपनी, चहाची, रंगाची, एक विजेच्या तारांची. पगारातून महिन्याला दोन-चार शेअर. ज्या कंपनीचा माल महाडच्या बाजारात स्वतः पाहिला नाही, तिचा शेअर त्या घेत नसत. भाव बघायच्याच नाहीत. मी एकदा कुठल्याशा शेअरचा भाव विचारला तर म्हणाल्या, "मला विकायचाच नाही. मग भाव कशाला विचारू?"

लाभांश जमा झाल्याचा मेसेज आला की मात्र त्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्यांना चहा. एकदा चौऱ्याऐंशी रुपये आले होते आणि चहाला नव्वद गेले. मी हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या आयेनं जन्मभर दुसऱ्याच्या शेतात लावणी केली. तिला बसल्या जागी कोणी चार आणे दिले नाहीत. हे चौऱ्याऐंशी रुपये मी झोपले होते तेव्हा आलेत. मला अजून खरं वाटत नाही."

मार्च महिना बाईंना दोन कारणांनी महत्त्वाचा असे. वीस तारखेला चवदार तळ्यावर लोक जमत, आणि त्या दिवशी बाईंच्या महाडच्या घरी खेड्यापाड्यांतून आलेली दहा-वीस माणसं जेवायला असत. त्यानंतर अकरा दिवसांनी आर्थिक वर्ष संपे. या अकरा दिवसांत शाळेतल्या कुणाही शिक्षकाने त्यांच्याकडे जाऊन बसावं आणि आपल्या आयकराचा हिशेब समजावून घ्यावा, अशी सोय होती. मी गेलो तो मात्र समजावून घ्यायला गेलो नव्हतो.

मी तेव्हा पोलादपूरला तिघांत मिळून एका खोलीत राहत होतो. भाडं नावापुरतं. कुणीतरी सांगितलं की घरभाड्याची मोठी पावती जोडली तर कर चांगला कमी होतो, आणि पावती काय, ज्याचं घर आहे तो कोणीही देतो. बाईंचं महाडला स्वतःचं घर होतं. खाली दोन खोल्या, वर एक. मी त्यांना महिना आठ हजारांच्या पावत्या मागितल्या. मोठ्या विश्वासाने मागितल्या, हे सांगायला आज लाज वाटते.

बाईंनी शांतपणे विचारलं, "तू माझ्या घरात राहतोस का?"

मी म्हणालो, नाही.

"मग मी भाडं कशाचं घेतलं?"

त्यांनी चहा पुढे केला आणि सांगितलं, जेवढा कर बनतो तेवढाच भरायचा. त्यातला एक रुपया सरकारला जास्त द्यायचा नाही आणि एक रुपया कमीही द्यायचा नाही. जास्त दिला तर आपण अडाणी, कमी दिला तर आपण लबाड. मग एका कागदावर त्यांनी मला कायद्याने काय काय सूट मिळते ते लिहून दिलं. भविष्य निर्वाह निधी, विमा, वडिलांच्या आजारपणाचा खर्च. मला यातलं अर्धं माहीतच नव्हतं. खोट्या पावतीने जेवढा कर उतरला असता, जवळजवळ तेवढाच खऱ्या कागदांनी उतरला. मी निघताना दारातून त्या म्हणाल्या, "वरची खोली रिकामीच असते. राहायला ये, पावती देते."

थोड्या वर्षांनी, त्या निवृत्त झाल्या तेव्हा, मी खरोखरच राहायला गेलो. भाडं तीन हजार. दर एक तारखेला तीन हजारांची पावती, तारीख आणि सही घालून. आणि ते तीन हजार त्या स्वतःच्या उत्पन्नात दाखवत. तसं न दाखवणारे किती घरमालक असतात ते मला पुढे कळलं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या हातात एकदम मोठी रक्कम आली. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, विकलेल्या पेन्शनचे पैसे. निरोप समारंभात हार घालणारा प्रत्येक जण कानात सल्ला देऊन जात होता. कोणी म्हणालं प्लॉट घ्या, कोणी म्हणालं सगळं बँकेत मुदत ठेवीला टाका. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या पैशांची काळजी सगळ्यांनाच होती. त्यांनी एक हिस्सा आजारपणासाठी पोस्टात ठेवला आणि बाकीच्या पैशांचे थोडे थोडे करून शेअर घेतले. पेन्शन खायला पुरते, त्या म्हणत, आणि लाभांश जगायला. त्यांचे जुने सहकारी हळहळले. बाई म्हातारपणी सट्टा खेळायला लागल्या, असं गावभर झालं.

मग टाळेबंदीत बाजार कोसळला. एक निवृत्त गुरुजी तोंडाला रुमाल बांधून समाचाराला आले आणि किती गेले म्हणून विचारू लागले. बाईंनी त्यांना सांगितलं, कुठेही गेलेले नाहीत, जिथे होते तिथेच आहेत. गुरुजींना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. वरच्या खोलीत मी मोबाईलवर त्यांच्या कंपन्यांचे भाव बघे आणि खाली उतरलो की त्यांच्या तोंडाकडे बघे. त्या तांदूळ निवडत असत.

त्याच वर्षी एका कंपनीने लाभांश दिला नाही. यंत्रं बनवणारी कंपनी, बाईंकडे तिचे शंभरेक शेअर होते. बाईंनी वार्षिक सभेत बोलायचं ठरवलं. सभा ऑनलाइन होती, नाव आधी नोंदवावं लागे. ते मी नोंदवलं. सभेच्या दिवशी बाई इस्त्रीची साडी नेसून, केसांना तेल लावून, खुर्चीत ताठ बसल्या. मी फोन डब्याला टेकवून धरला. दोन तास कोण कोण इंग्रजीत अध्यक्षांची स्तुती करत होतं. बाईंचं नाव आलं तेव्हा त्यांनी मराठीत, वर्गात बोलावं तसं सावकाश, विचारलं, की लाभांश बंद केलात ते समजलं, दिवस वाईट आहेत. पण या वर्षी संचालकांनी स्वतःच्या मानधनात किती कपात केली, एवढंच सांगा. पलीकडे जरा गडबड झाली. कोणीतरी अध्यक्षांना प्रश्न समजावून सांगितला. अध्यक्ष हसले, फार छान प्रश्न आहे असं म्हणाले आणि उत्तर ईमेलने पाठवू म्हणून पुढच्या माणसाकडे वळले.

बाईंनी दोन महिने वाट पाहिली. रोज मला ईमेल उघडून बघायला लावलं. उत्तर आलं नाही. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि, माझ्या माहितीप्रमाणे, शेवटच्या वेळी शेअर विकले. तोट्यात विकले. मी थोडं थांबा म्हणालो तर म्हणाल्या, "पैसा बुडाला तर चालेल. विचारल्यावर उत्तर देत नाही, त्याच्याकडे मी पैसे ठेवत नाही."

पुढच्या पावसाळ्यात सावित्रीला पूर आला. बाईंच्या खालच्या दोन्ही खोल्या पाण्यात गेल्या. आम्ही दोघं वरच्या माझ्या खोलीत तांदळाचा डबा, स्टोव्ह आणि बाईंच्या फायली घेऊन बसलो होतो. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी बाई काठी घेऊन चिखलातून बाजारात निघाल्या, मी बरोबर. जी दोन-तीन दुकानं उघडली होती त्यांच्यापुढे त्या उभ्या राहिल्या आणि लोक काय घेतात ते बघू लागल्या. फिनेल, झाडू, साबण, चहापूड, तापाच्या गोळ्या. मला ते जरा विचित्र वाटलं, आणि मी तसं म्हणालोही. बाई म्हणाल्या, त्या स्वतः फिनेलच न्यायला आल्या आहेत. सगळं गेल्यावर माणूस पहिली कोणती वस्तू विकत घेतो, ते बघून ठेवायला काय हरकत आहे? मग त्यांनी फिनेल घेतलं, बाटलीची पाठ वाचली आणि दासगावच्या रस्त्याला लागल्या.

दासगावला त्यांची धाकटी बहीण राहत होती. बौद्धवाडीत, एकटी. नवरा केव्हाच वारलेला, मुलगी सासरी. तिला मी मावशी म्हणे. मावशी दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जात आणि चार शेळ्या पाळत. आम्ही पोचलो तेव्हा त्या घमेल्याने घरातला चिखल बाहेर टाकत होत्या. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पाण्याची रेघ. बाईंनी पदर खोचला आणि दुसरं घमेलं उचललं. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी घर धुतलं. निघताना बाईंनी तांदळाच्या डब्यात हळूच पाच हजार रुपये ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी चालत महाडला आल्या. एसटी अजून सुरू झाली नव्हती. पैसे बाईंच्या पुढ्यात ठेवले, पाणी प्यायल्या आणि परत निघाल्या. एवढंच म्हणाल्या, "डब्यात तुझे पैसे राह्यले होते गो ताय."

बाईंनी पैसे उचलून ठेवले. मग मला सांगितलं, त्यांचे वडील वारले तेव्हा त्या शिक्षिकेचं शिक्षण घेत होत्या आणि ही सातवीत होती. हिने शाळा सोडली आणि लावणीला गेली. दोन वर्षं बाईंची फी हिच्या मजुरीतून गेली. नोकरी लागल्यावर बाईंनी पहिला पगार तिच्या हातात ठेवला, तो तिने घेतला नाही. त्यानंतर कधीच काही घेतलं नाही. लग्नात दिलेली साडीसुद्धा पुढच्या वर्षी तशीच्या तशी बाईंना परत आली, तिला पिवळा रंग आवडत नाही म्हणून.

पुराच्याच वर्षी बाई साठ वर्षांच्या झाल्या आणि त्यांनी पेढे वाटले. लोकांना वाटलं वाढदिवस. खरं कारण असं की साठीनंतर पंधरा-एच नावाचा फॉर्म भरता येतो. आपल्या एकूण उत्पन्नावर कर शून्य बसणार असेल, तर हा फॉर्म द्यायचा, म्हणजे कंपनी लाभांशातून आधीच कर कापून घेत नाही. बाईंना त्या फॉर्मचं फार अप्रूप. ऑनलाइन भरायच्या आधी प्रत्येक फॉर्म त्या कागदावर सुवाच्य अक्षरात भरत आणि फाईलला लावत.

दोन वर्षांनी श्रावणात एका रविवारी बाईंनी मावशींना बोलावून घेतलं. मी पडवीत वह्या तपासत होतो. बहिणीशी बोलताना बाईंची भाषा बदले, शाळेतली राहत नसे.

"माझं एक काम अडलंय," बाई म्हणाल्या. "तुझ्याबिगर होणार नाय."

"काय गो ताय?"

"मला कर फार बसतो हाय. थोडे शेअर तुझ्या नावावर केले तर वाचेल."

मावशींनी विचारलं, म्हणजे नाव आपलं आणि पैसे तुझेच ना? बाईंनी मान हलवली. "नाय. तशी लबाडी चालत नाय. शेअर तुझे झाले पायजेत. पैसे तुझ्या खात्यात येणार, आणि तूच खर्च करायचे. मला परत दिलेस, तर मी अडकेन."

मावशी विचारात पडल्या. "तुला तुरुंगात घालतील?"

"तुरुंगात नाय. नोटीस येईल."

"या वयात तुला नोटीस नको," मावशी म्हणाल्या. थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "कर माझ्या नावावर. माझं काय जातंय?"

त्यानंतर महिनाभर धावपळ. मावशींचं पॅन कार्ड, शेअरचं खातं, स्टॅम्प पेपरवर बक्षीसपत्र. खातं उघडताना मोबाईलसमोर बसून डोळे मिचकावायचे असतात, म्हणजे समोर जिवंत माणूस आहे हे कळतं. मावशी काही केल्या मिचकावेनात. परक्या माणसापुढे असलं काही करणार नाही म्हणाल्या. पलीकडे माणूस नाही, मशीन आहे, असं मी तीनदा सांगितल्यावर त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि एकदाच, फार गंभीरपणे, डोळे मिटून उघडले.

पहिल्या वर्षी मावशींनी खात्यातला एक रुपया काढला नाही. बाईंनी पासबुक पाहिलं आणि त्या चिडल्या. मी त्यांना चिडलेलं क्वचितच पाहिलं आहे. पैसे असे साठत राहिले तर संशय येईल, असं त्यांनी बहिणीला सुनावलं. मावशी घाबरल्या. मग त्यांनी कर्तव्य म्हणून खर्चाला सुरुवात केली. चष्मा केला. कुकर घेतला. छपराचे फुटके पत्रे बदलले. आणि पुरावा लागेल म्हणून प्रत्येक वस्तूचं बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाईंना आणून देऊ लागल्या. बाईंनीही ती बिलं तेवढ्याच गंभीरपणे घेतली, भोकं पाडली आणि वेगळी फाईल केली. त्या पावसाळ्यात मावशी लावणीला गेल्या नाहीत. गुडघे दुखतात ते एका डॉक्टरला दाखवायचं आहे, म्हणाल्या, त्याचंही बिल होईल.

पुढच्या वर्षी बाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, वाचायला बंदी. एप्रिल होता, पंधरा-एच भरायचे होते. बाईंनी मला फाईल दिली आणि मागच्या वर्षांचे बघून भर म्हणाल्या. मी एकेक पान उलटत गेलो. मावशींना शेअर दिले त्या वर्षीचा फॉर्मही तिथे होता, बाईंच्या अक्षरात. तो एप्रिलमध्ये भरलेला. शेअर दिले ते श्रावणात. म्हणजे फॉर्म भरला तेव्हा सगळे शेअर बाईंच्याच नावावर होते, आणि तरीही अंदाजे कराच्या रकान्यात शून्य. मी कागद घेऊन स्वतः गणित मांडलं. पेन्शन, भाडं, व्याज, सगळा लाभांश. त्या वर्षी नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत कर नव्हता. बाईंचं सगळं मिळून सहाच्या आसपास जात होतं. पुन्हा मांडलं. शून्यच.

मी म्हणालो, "बाई, त्या वर्षी तुम्हाला कर बसणारच नव्हता."

बाई पट्टी बांधून खाटेवर पडल्या होत्या. हालल्या नाहीत.

"फॉर्मवर कुठे खोटं लिहिलंय का?"

"नाही."

"मग भर पुढचा."

मी भरला. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

माझ्या बदलीचा आदेश पुढच्या वर्षी आला. निघायच्या आदल्या दिवशी मावशी दासगावहून आल्या, माझ्यासाठी सुकट आणि घरचे तांदूळ घेऊन. आता त्यांची चाल सुधारली होती आणि पायात नवीन चपला होत्या. बाई आत चहा करत होत्या. मावशींनी आपली बिलांची पिशवी कट्ट्यावर ठेवली, माझ्याजवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, ताई काही सांगत नाही, विचारलं की उडवून लावते. मी हिशेब बघतो म्हणून मला विचारतात.

"खरं सांग रे सर. माझ्यामुळं तायचा कर वाचतो ना?"

आतली भांडी वाजायची थांबली.

"वाचतो, मावशी," मी म्हणालो. "पुष्कळ वाचतो."

मावशींचा चेहरा उजळला. त्यांनी गुडघ्यांवरून हात फिरवला, पदर सारखा केला आणि आतल्या दाराकडे बघत मला म्हणाल्या, "एवढी शिकलेली हाय. पण माझ्याबिगर तिचं पान हलत नाय."